घरच्या हक्का नूडल्सचा गोळा होणे आणि कढईत पाणी सुटणे: सोप्यापासून अवघडापर्यंतच्या तपासण्या

ठाणे आणि नवी मुंबईत स्वयंपाकाचे घरगुती वर्ग घेताना, आणि वर्गाबाहेर शेजाऱ्यांच्या व नातेवाइकांच्या स्वयंपाकघरांतही, एक तक्रार माझ्यासमोर सतत येते. पाकीट चांगले असते, भाज्या ताज्या असतात, सॉस मोजून घातलेले असतात, कृतीही जशीच्या तशी पाळलेली असते, आणि तरीही ताटात सुट्या, चकचकीत नूडल्सऐवजी ओला, फिका गोळा येतो. बहुतेक जण पाकिटाला किंवा सॉसला दोष देतात आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीचे पाकीट आणतात. त्यानेही फरक पडला नाही की हा पदार्थ घरी होतच नाही असे ठरवून टाकतात. हा बिघाड मी अनेक घरांत दुरुस्त केला आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात दुरुस्त होतो. कढईत आपण नकळत जितके पाणी घालतो, तितक्या पाण्याची वाफ करण्याइतकी धग आपल्या शेगडीत नसते, हे त्याचे मूळ आहे. पुढच्या सगळ्या तपासण्या हे पाणी कुठून येते आणि धग कुठे कमी पडते, याच शोधासाठी आहेत.

लक्षणे

गोळा झाला एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या टप्प्यावर झाला, हे पाहावे लागते. खालीलपैकी आपले लक्षण कोणते, ते आधी ठरवावे.

– नूडल्स चाळणीत असतानाच एकमेकांना चिकटतात आणि कढईत ओतताना चाळणीच्या आकाराचा एकच गोळा पडतो.
– चाळणीत सुटे असतात, पण कढईत गेल्यावर दोन-तीन मिनिटांत मऊ पडून त्यांचा गिचका होतो.
– कढईच्या तळाशी पाणी साचते, कोबी आणि ढोबळी मिरची परतली न जाता उकडते आणि लिबलिबीत होते.
– परतताना नूडल्सचे बोटभर तुकडे पडतात.
– नूडल्स तळाला धरतात आणि उलथण्याने खरवडून काढावे लागतात.
– दिसायला सारे ठीक असते, पण खमंगपणा नसतो आणि सॉसचा कच्चा वास राहतो.
– याच कृतीने पूर्वी चांगले नूडल्स होत असत. अलीकडे, किंवा घर बदलल्यापासून, होत नाहीत.

पहिले आणि चौथे लक्षण असेल तर चूक उकडण्यात किंवा निथळण्यात आहे. दुसरे, तिसरे आणि सहावे लक्षण पाणी आणि धग यांच्या हिशेबाकडे बोट दाखवते. पाचवे बहुधा कढईचे असते. शेवटच्या लक्षणाकडे लोकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. त्यात कृतीचा काहीही दोष नसतो, शेगडी तपासावी लागते, आणि तिथेच कधीकधी जाणकाराला बोलवावे लागते.

पाण्याचा हिशेब

कढईत पाणी आहे तोवर त्या पाण्याला टेकलेल्या पदार्थाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. ज्याला आपण खमंगपणा म्हणतो, तो साधारण १४० अंशांच्या पुढे भराभर येऊ लागतो. म्हणजे ओल्या कढईत कितीही वेळ परतले तरी पदार्थ खमंग होत नाही, तो फक्त शिजत राहतो, आणि आधीच शिजलेले नूडल्स पुन्हा शिजले की लगदा होणे ठरलेलेच आहे.

पाणी उडवणे किती महाग पडते, याची कल्पना सहसा नसते. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ७० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. घरच्या मोठ्या बर्नरची शक्ती २ किलोवॉट धरली आणि त्यातली साठ टक्के उष्णता कढईला मिळते असे मानले, तरी १०० मिलिलिटर पाणी उडवायला साडेतीन मिनिटे जातात. नूडल्सना आणि धुतलेल्या भाज्यांना मिळून अर्धा कप पाणी सहज चिकटलेले असते. चायनीजच्या गाडीवरच्या भट्टीची शक्ती घरच्या बर्नरच्या दहापट किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे तिथे तेवढे पाणी काही सेकंदांत उडून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे ती धग नाही, म्हणून पाणी कढईत जाण्याआधीच रोखायचे.

पहिली तपासणी: प्रमाण निम्मे करून पाहा

याला काहीच खर्च नाही आणि यातून सर्वांत जास्त माहिती मिळते, म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करते. हक्का नूडल्सचे साधारण १५० ग्रॅमचे पाकीट दोघांना पुरते. घरोघरी मात्र चौघांसाठी दोन पाकिटे आणि अर्धा कोबी एकाच कढईत जातो. एक दिवस फक्त अर्धे पाकीट, म्हणजे ७५ ग्रॅम नूडल्स आणि एक मोठी मूठ भाजी घ्या, बाकी सारे नेहमीसारखेच करा.

नूडल्स सुटे आणि खमंग झाले, तर तुमची कृती बरोबर आहे आणि धग प्रमाणाला पुरत नव्हती, एवढेच ठरते. यापुढे दोन-दोन माणसांचा घाणा स्वतंत्र करायचा. वेळ जास्त लागत नाही, कारण छोटा घाणा तीन-चार मिनिटांत होतो, आणि मोठा घाणा तेवढ्या वेळात नुसते पाणी सोडत बसलेला असतो. निम्म्या प्रमाणानेही गोळाच झाला, तर दोष कढईत जाण्याआधीचा आहे असे समजून पुढच्या दोन तपासण्यांकडे वळावे.

हे करताना कानही उघडे ठेवावेत. भाजी कढईत पडली की तीक्ष्ण, कोरडी चरचर ऐकू आली पाहिजे आणि ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे. चरचर थांबून रटरट सुरू झाली की त्या क्षणी कढईत पाणी साचले, हे झाकण उघडून पाहण्याचीही गरज नाही. झाकण मुळात ठेवायचेच नाही. त्याखाली साठलेली वाफ पाणी होऊन पुन्हा नूडल्सवरच पडते.

दुसरी तपासणी: उकडणे

१५० ग्रॅम नूडल्सना किमान दीड लिटर पाणी घ्यावे आणि ते खळखळ उकळल्यावरच नूडल्स सोडावेत. गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतो, आणि त्यातला काही भाग सुटून बाहेर येतो. पाणी कमी असेल तर ते पेजेसारखे दाट होते आणि तोच चिकटा प्रत्येक नूडलवर बसतो. पाणी पुरेसे उकळलेले नसेल, तर नूडल्स कोमट पाण्यात रेंगाळतात आणि आत शिजण्याआधी बाहेरून लिबलिबीत होतात.

पाकिटावर दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी एक नूडल काढून नखाने तोडावा. मध्ये अगदी बारीक पांढरी कणी दिसली पाहिजे. ती दिसली की लगेच गॅस बंद करून नूडल्स गाळावेत, कारण चाळणीत स्वतःच्या उष्णतेने आणि नंतर कढईत ते आणखी शिजणारच असतात. पूर्ण मऊ होईपर्यंत उकडलेल्या नूडल्सचे परतताना तुकडे पडतात आणि मग उलथण्याला दोष दिला जातो.

उकळत्या पाण्यात तेल घालण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ते तेल पाण्यावर तरंगते आणि गाळताना बरेचसे मोरीत जाते. तेवढाच चमचा तेल निथळलेल्या नूडल्सना चोळला तर त्याचा खरा उपयोग होतो.

तिसरी तपासणी: निथळणे, सुकवणे, गार करणे

बहुतेक घरांतला बिघाड मला इथेच सापडला आहे, म्हणून इथे घाई करू नये.

गाळल्याबरोबर नूडल्सवर गार पाणी भरपूर सोडावे आणि बोटांनी हलकेच मोकळे करावेत. गार पाण्याने शिजणे थांबते आणि पृष्ठभागावरचा चिकटा धुऊन जातो. खालून पडणारे पाणी आधी दुधाळ असते. ते जवळजवळ स्वच्छ दिसू लागले की धुणे पुरे झाले. मग चाळणी दोन-तीनदा झटकून निथळत ठेवावी. चाळणी कशावर ठेवली आहे, याकडे मात्र लक्ष असू द्यावे. ऐरोलीतल्या एका घरी सूनबाई खात्रीने सांगत होत्या, “मावशी, चांगले अर्धा तास निथळलेत हो.” त्यांनी चाळणी एका खोलगट पातेल्यात बसवली होती. ती उचलून पाहिली, तर पातेल्यात पाणी होते आणि चाळणीचा तळ त्या पाण्यातच टेकला होता. वरचा थर सुका आणि खालचा बोटभर थर पाण्यात, अशी ती स्थिती होती. चाळणी सिंकच्या जाळीवर किंवा रिकाम्या उंच भांड्यावर, तळ अधांतरी राहील अशीच ठेवावी.

पाच मिनिटे निथळल्यावर नूडल्स चाळणीत ढीग करून ठेवू नयेत. मोठ्या परातीत स्वच्छ सुती कापड घालावे, त्यावर ते पसरावेत आणि पंख्याखाली वीस ते तीस मिनिटे ठेवावेत. मग कापड काढून एका पाकिटाला एक चमचा तेल हाताने चोळावे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की नुसते पसरून ठेवलेले नूडल्स सुकत नाहीत, म्हणून पावसाळ्यात कापड आणि पंखा या दोन्ही गोष्टी हव्यातच. सुकल्याची खूण सोपी आहे. तळहात नूडल्सवर हलकाच दाबून उचलावा. हाताला तेलाचा ओशटपणा लागला पाहिजे, पाणी लागता कामा नये.

ठाण्यात स्टेशनजवळच्या चायनीजच्या गाडीसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर हीच गोष्ट डोळ्यांनी दिसते. ऑर्डर आल्यावर तिथे कोणी नूडल्स उकडत नाही. ते आधीच उकडून, तेल लावून, गार करून मोठ्या भांड्यात तयार असतात आणि मूठभर उचलून थेट कढईत जातात. लोकांचे लक्ष भट्टीच्या जाळाकडे जाते, पण त्या गार, कोरड्या नूडल्सचा वाटाही तितकाच मोठा आहे, आणि तो घरी सहज उचलता येतो.

ज्यांना शक्य आहे त्यांनी नूडल्स आदल्या रात्री उकडून, सुकवून, तेल लावून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत. गारव्याने स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि नूडल्स परतताना तुटत नाहीत. उकडलेले नूडल्स ओट्यावर मात्र तासन् तास ठेवू नयेत. शिजलेल्या पिष्टमय पदार्थांत वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात, जे नंतर कितीही परतले तरी नष्ट होत नाही. बाहेर दोन तासांच्या वर, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाच्या वर, उकडलेले नूडल्स राहू देऊ नयेत. तसे राहून गेलेच, तर ते टाकून द्यावेत.

चौथी तपासणी: भाज्या

कोबीत सुमारे ९२ टक्के पाणी असते आणि ढोबळी मिरचीतही जवळजवळ तितकेच. हे पाणी पेशींच्या आत असते तोवर त्रास देत नाही. ते बाहेर येते दोन कारणांनी: कमी आचेवर भाजी रेंगाळली तर, आणि मीठ आधी घातले तर. म्हणून मीठ अगदी शेवटी घालावे, आणि सोया सॉस खारट असल्याने ते बेताचेच घालावे.

याशिवाय भाजीच्या अंगावरचे पाणी असते. जांभळी नाक्यावर किंवा कुठल्याही मंडईत भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर पाणी शिंपडलेले असते, आणि घरी आणून आपण त्या पुन्हा धुतो. भाजी अख्खी असतानाच धुवावी, पुसावी आणि मगच चिरावी. चिरून धुतलेल्या कोबीच्या घड्यांत अडकलेले पाणी कापडाने पुसूनही निघत नाही. गोठवलेल्या भाज्यांचे पाकीट या पदार्थाला वापरू नये, कारण गोठताना पेशी फुटलेल्या असतात आणि आच लागताच सारे पाणी मोकळे होते. मशरूम घालायचे असतील, तर ते आधी वेगळे परतून, त्यांचे पाणी आटवून बाजूला ठेवावेत.

क्रमाचेही महत्त्व आहे. लसूण आणि आले काही सेकंद, मग उभा चिरलेला कांदा, मग गाजर आणि फरसबी, त्यानंतर कोबी, आणि ढोबळी मिरची सर्वांत शेवटी. प्रत्येक भाजी टाकल्यावर कढई थोडी गार होते. चरचर पुन्हा पहिल्यासारखी झाल्याशिवाय पुढची भाजी टाकू नये. भाज्या अर्ध्या कच्च्या असतानाच काढून ताटलीत ठेवाव्यात, रिकामी कढई पुन्हा तापवून त्यात नूडल्स परतावेत आणि शेवटी दोन्ही एकत्र करावे. घरच्या शेगडीवर मी याच पद्धतीचा आग्रह धरते, कारण धगेची उणीव त्याने पुष्कळ भरून निघते.

पाचवी तपासणी: सॉस

एका पाकिटाला दोन लहान चमचे सोया सॉस, एक चमचा चिली सॉस आणि अर्धा चमचा व्हिनेगर पुरते. रंग येत नाही म्हणून पातळ सोया सॉस ओतत राहण्याऐवजी गडद सोया सॉसचा अर्धा चमचा घालावा. बाटलीतल्या चिली सॉसमध्ये आणि केचपमध्ये साखर आणि बहुधा दाटपणा आणणारे घटक असतात, त्यामुळे ते जास्त झाले की नूडल्स चिकट होतात आणि तळाला करपतात. केचप माझ्या मते घालूच नये. कॉर्नफ्लोअरचे पाणी ग्रेव्हीसाठी असते. परतलेल्या नूडल्समध्ये त्याचे काही काम नाही. सॉस नूडल्सच्या डोक्यावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा, म्हणजे त्यातले पाणी तिथेच उडते आणि कच्चा वास जातो. अजिनोमोटो घालणे न घालणे हा चवीचा प्रश्न आहे, चिकटण्याशी त्याचा संबंध नाही.

सहावी तपासणी: उकडण्याचे पाणी

ही तपासणी सर्वांना लागू नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी येते तिथे, किंवा महापालिकेचे नळाचे पाणी मिळते तिथे हा टप्पा सोडून द्यावा. मात्र सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरले जात असेल, घोडबंदर रोडच्या बाजूला अशा सोसायट्या पुष्कळ आहेत, आणि कुकरच्या आत किंवा गीझरमध्ये पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आणि क्षारयुक्त आहे. अशा पाण्यात स्टार्च अधिक सुटतो आणि नूडल्स अधिक चिकटतात. दीड लिटर पाण्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब पिळून पाहावेत, किंवा एकदा पिण्याच्या फिल्टरचे पाणी वापरून पाहावे. फरक दिसला तर कारण सापडले.

सातवी तपासणी: कढई

इथून पुढे थोडा खर्च होऊ शकतो, म्हणून आधीच्या सहा तपासण्या खरोखर करून झाल्याशिवाय नवी कढई घेऊ नये.

नॉनस्टिक भांड्यात नूडल्स चिकटत नाहीत हे खरे, पण ते भांडे रिकामे ठेवून कडक तापवायचे नसते. साधारण २६० अंशांच्या पुढे त्यावरचा लेप खराब होऊ लागतो आणि त्याची वाफ श्वासाला अपायकारक असते. म्हणजे या पदार्थाला जी धग हवी, तीच त्या भांड्याला चालत नाही. पातळ ॲल्युमिनियमची कढई झटकन तापते आणि भाजी पडताच झटकन गारही होते. लोखंडी कढई उष्णता धरून ठेवते, म्हणून या कामाला तीच उत्तम. घरात आजीच्या वेळची बिडाची किंवा लोखंडी कढई माळ्यावर पडलेली असेल, तर ती खाली काढावी. नवी घेण्याची गरज नाही.

लोखंडी कढईला नूडल्स चिकटत असतील, तर तिच्यावर तेलाचा थर बसलेला नाही. ती घासून, पूर्ण कोरडी करून, मोठ्या गॅसवर तापवावी, पातळ तेल पुसून पुन्हा तापवावी आणि हे तीन-चार वेळा करावे. काळा, गुळगुळीत थर दिसू लागतो. रोज वापरताना आधी रिकामी कढई तापवावी, हलका धूर दिसताच तेल घालून सगळीकडे फिरवावे आणि लगेच लसूण टाकावा. तेल घालून कढई तशीच सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नये. तेलाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे, पाणी कदापि ओतू नये, आणि आग आवरत नसेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे.

इंडक्शन शेगडी असणाऱ्यांनी सपाट बुडाची कढई घ्यावी आणि ती उचलून उडवण्याऐवजी उलथण्याने परतावे, कारण कढई उचलली की उष्णता तिथेच थांबते.

आठवी तपासणी: शेगडी, जितकी आपण पाहू शकतो तितकी

“पूर्वी छान व्हायचे, आता होत नाहीत” असे कोणी म्हणाले की मी आधी स्वयंपाकघरातले दिवे मालवून मोठ्या बर्नरची ज्योत पाहते. निरोगी ज्योत निळी असते, प्रत्येक छिद्रातून सारख्या उंचीची निघते आणि तिचा आवाज एकसारखा असतो. काही छिद्रे विझलेली असतील, ज्योत एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणी असेल, तर तिथे उतू गेलेले दूध किंवा वरणाचे पाणी सुकून बसलेले असते. गॅस बंद करून, बर्नर पूर्ण गार झाल्यावर वरचा भाग काढावा, गरम साबणाच्या पाण्यात भिजवावा, छिद्रे जुन्या टूथब्रशने आणि टाचणीने मोकळी करावीत आणि तो कोरडा ठणठणीत करून नीट बसवावा. ओला बर्नर फडफडतो आणि ज्योत पिवळी दिसते, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नये. पितळी बर्नर चिंचेच्या कोळाने चांगला निघतो.

उंच इमारतींत वाऱ्याचेही पाहावे. खाडीकडून येणारा वारा खिडकीतून थेट शेगडीवर येत असेल, तर ज्योत कढईखालून बाहेर पडते आणि निम्मी धग वाया जाते. वाऱ्याच्या बाजूची एक काच ओढून घ्यावी, पण स्वयंपाकघर पूर्ण बंद करू नये. एक्झॉस्ट सुरू असावा आणि हवा यायला वाट असावी. सिलिंडर असेल, तर तो संपत आलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बर्नर स्वच्छ आणि कोरडा असूनही ज्योत पिवळी राहते, भांड्यांच्या बुडाला काजळी धरते, ज्योत उडून विझते किंवा पेटताना फट्ट असा आवाज होतो: यांपैकी काहीही दिसले तर आपले काम तिथे संपले. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, आणि अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, वास नसलेला वायू तयार होतो. हा नूडल्सचा प्रश्न उरत नाही.

घर बदलल्यानंतर ज्योत मंद झाली असेल, तर कारण बहुधा जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याचे, असते. ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक इमारतींत पाइपचा गॅस आहे आणि अनेक ठिकाणी अजून सिलिंडर आहेत, त्यामुळे शेगडी एका प्रकारच्या घरातून दुसऱ्या प्रकारच्या घरात जाणे नेहमीचेच आहे. पाइपच्या नैसर्गिक गॅसमध्ये सिलिंडरच्या गॅसच्या तुलनेत घनमीटरमागे निम्म्याहूनही कमी उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटचे छिद्र मोठे असते. सिलिंडरचा जेट तसाच ठेवून पाइपच्या गॅसवर शेगडी चालवली, तर ज्योत बारीक आणि अशक्त राहते. उलट, पाइपच्या गॅससाठी छिद्र मोठे केलेली शेगडी सिलिंडरला जोडली, तर ज्योत प्रमाणाबाहेर मोठी, पिवळी आणि धोक्याची होते. जेट टाचणीने कोरणे, ड्रिलने मोठा करणे किंवा रेग्युलेटर उघडून पाहणे, यांपैकी काहीही घरी करू नये. पाइपच्या गॅसचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडून आणि सिलिंडरचे काम वितरकाकडून पाठवलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. त्याच भेटीत सिलिंडरच्या रबरी पाइपवर छापलेली तारीख दाखवून घ्यावी. पाच वर्षे झाली असतील तर तो बदलावा.

गॅसचा वास येत असेल तर काहीही तपासत बसू नये. शेगडीच्या कळा आणि रेग्युलेटर, किंवा पाइपच्या जोडणीवरचा मुख्य व्हॉल्व्ह, बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइपच्या गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक आधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून बाल्कनीचे दारही उघडावे, नुसती वरची खिडकी पुरत नाही.

गाडीवरची धुराची चव घरी यावी म्हणून काही जण उच्च दाबाची भट्टी आणि तिचा वेगळा रेग्युलेटर विकत आणतात. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात हे करू नये, असे मी स्पष्टपणे सांगते. घरगुती सिलिंडरला वितरकाने दिलेला रेग्युलेटरच लावायचा असतो, आणि तेवढा जाळ पेलेल अशी मोकळी जागा, उंची किंवा वायुवीजन आपल्या ओट्याभोवती नसते. वाढदिवसाला वीस-पंचवीस माणसांचे नूडल्स करायचे असतील, तर ते काम केटररला द्यावे.

मेकॅनिक शेगडी दुरुस्त करून गेला की त्याच दिवशी मोठ्या बर्नरवर एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला ठेवावे आणि लागलेली मिनिटे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. पुढे कधी नूडल्सना पुन्हा पाणी सुटू लागले, तर त्याच पातेल्यात तितकेच पाणी उकळून वेळ ताडून पाहावी. वेळ वाढली असेल तर बर्नर उघडावा. तेवढीच असेल तर चाळणी आणि परातीकडे वळावे.